रक्तदाबमापकाची परीक्षा

रुग्णालयांत खाटेशेजारीं ठेवलेलें विजेचें रक्तदाबमापक मिनिटाच्या आंत दोन आंकडे दाखवितें, आणि त्यांवरून औषध ठरतें. हे आंकडे खरे कीं खोटे, हें कसें ठरवावयाचें?

प्रथम जुनी रीत पाहूं. १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोची यांनीं दंडास फुगणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजला. १९०५ सालीं रशियन शस्त्रवैद्य कोरोत्कॉव्ह यांनीं पट्ट्याखालीं धमनीवर स्टेथॉस्कोप ठेवून ठोके ऐकण्याची जोड त्यास दिली. पट्टा सैल होतांना पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा दाब, आणि ध्वनि मावळतो तो खालचा. येथें माणसाचा कान साक्षीदार असतो. विजेचीं बहुतेक यंत्रें मात्र ऐकत नाहींत. धमनीच्या स्पंदनानें पट्ट्यांतील हवेंत उठणारीं सूक्ष्म आंदोलनें तीं टिपतात, आणि कारखानदारानें आंत बसविलेल्या गणितानें दोन्ही आंकडे अनुमानानें काढतात. हें गणित बहुधा गुप्तच असतें!

नळीस दुसरा प्रमाणभूत दाबमापक जोडून दोहोंवरील दाब जुळतो कीं नाहीं, हें रुग्णालयांतील तंत्रज्ञ पाहूं शकतो, व तें वेळोवेळीं पाहावेंच. परंतु त्यानें केवळ दाब मोजणारा भाग तपासला जातो. अनुमान तपासलें जात नाहीं. तें माणसांवरच तपासावें लागतें.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें यासाठीं सामान्यतः निदान ८५ माणसें लागतात; त्यांत कमी दाबाचीं व जास्त दाबाचीं, बारीक व जाड दंडांचीं, अशीं सर्व असावीं लागतात. एकाच स्टेथॉस्कोपास दोन कर्णनळ्या लावून दोन परीक्षक एकमेकांचा आंकडा न पाहतां नोंद करितात. दोघांत ४ मिलीमीटरांहून अधिक अंतर पडलें, तर ती नोंद बाद. मग यंत्राची पाळी, पुन्हा परीक्षकांची, असें आलटून पालटून चालतें. सरासरी फरक ५ मिलीमीटरांच्या आंत हवा, आणि फरकांचें प्रमाण-विचलन ८ च्या आंत. ही दुसरी अट कशाला? एकास १० नें जास्त व दुसऱ्यास १० नें कमी सांगणाऱ्या यंत्राची सरासरी चूक शून्यच भरते. वर्गाची सरासरी चांगली म्हणून प्रत्येक मुलगा पास होत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस कोणीं सांगावयास नको.

एवढी परीक्षा उतरलेलें यंत्रही सर्वांस चालतें असें नव्हे. गर्भवती स्त्रिया, तीन वर्षांखालील मुलें व हृदयाचे ठोके अनियमित असलेले रोगी यांच्यासाठीं वेगळी परीक्षा आहे. गर्भारपणांतील रक्तदाबाच्या विकारांत कित्येक यंत्रें प्रत्यक्षाहून कमी आंकडा दाखवितात. खरा दाब १४५ असतां १३८ दिसला, तर १४० ची धोक्याची रेषा ओलांडलेली बाई निश्चिंतपणें घरीं पाठविली जाईल. खरेदीच्या वेळीं किंमतीआधीं हा प्रश्न विचारला जावा, असें मला वाटतें.

२०१३ च्या मिनामाता करारानें विषारी पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचें उत्पादन व आयात-निर्यात थांबविण्यास २०२० ची मुदत घातली. ताडून पाहण्यास शेजारीं पारा असे, तो आतां रुग्णालयांतून जात आहे. शिवाय जाड दंडास लहान पट्टा बांधला, तर परीक्षेस उतरलेलें यंत्रही आंकडा वाढवूनच सांगतें. तेव्हां दंडाचा घेर मोजण्याची फीत आणि निरनिराळ्या मापांचे पट्टे यंत्राजवळच टांगलेले असावेत.