ठमी पवनेला मुक्कामाला जाते

‘बिचारीला जरा मोकळं पळू दे की डोंगरात,’ असं कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच. मुलुंड कॉलनीत हे वाक्य जास्त ऐकू येतं, कारण डोंगर आमच्या खिडकीतूनच दिसतो. ठमी ही आमची देशी कुत्री, सोसायटीच्या गेटाशीच जन्मलेली. तिला घेऊन आम्ही तंबूत राहायला जातो, तेव्हा ती तिकडे दोन दिवस मनसोक्त हुंदडत असणार अशी शेजाऱ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ती सोसायटीच्या आवारात जितकी मोकळी असते, तितकी डोंगरात कधीच नसते. कुत्र्याबरोबरचं कॅम्पिंग म्हणजे बहुतेक वेळ दोराचं एक टोक हातात धरून ठेवायचं काम.

खरं तर डोंगर, जंगल आणि तलाव हे तिन्ही आमच्या दाराशीच आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त, त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव. बोरिवलीच्या बाजूनं जा नाहीतर येऊरच्या, पण कुत्रा घेऊन आत जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. इथल्या बिबट्यांच्या पोटात काय जातं यावर वर्षानुवर्षं अभ्यास झालेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या आहारातला कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के धरला होता. ते कुत्रे बहुतेक भटके, पण पाळीव कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बिबट्याला वाचता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. २०१८ मध्येच गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार मुळात कुत्र्यांचा. म्हणजे आपली सोफ्यावर झोपणारी बाई जंगलात गेली की एकाच वेळी कोणाची तरी शिकारही असते आणि कोणासाठी तरी साथही.

भंडारदऱ्याचंही तेच. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी मुंबईच्या गाड्या घोटीवरून तिकडे वळतात, तेव्हा मागच्या खिडकीतून एखादा लॅब्रेडॉर तोंड बाहेर काढून बसलेला हमखास दिसतो. पण तो सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून, कुठे कुठे त्याच्या आतच. काजवे बघायला आम्ही जातो तेव्हा ठमी बहिणीकडे घाटकोपरला राहते. तिला काजव्यात काडीचा रस नाही.

म्हणून आमचा मुक्काम पवनेच्या काठावर. मावळातलं हे धरण, चहूबाजूंना लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग. ठाकुरसई, ब्राह्मणोली, आंबेगाव या गावांच्या काठानं कॅम्पवाल्यांचे तंबू लागलेले. शनिवारी चारला या, भजी-चहा घ्या, रात्री बार्बेक्यू आणि शेकोटी, सकाळी पोहे आणि अकराला निघा, असा साचा ठरलेला. कुत्र्याचं मात्र फोनवरच विचारावं लागतं. ‘हो ताई, चालतो की’ या उत्तराचे बरेच अर्थ असतात. कुठे चालतो म्हणजे वेगळे पैसे लागतात, कुठे तंबूत नाही पण बाहेर चालतो, आणि कुठे कॅम्पवरच त्यांचे स्वतःचे चार कुत्रे मोकळे असतात. म्हणून आम्ही सरळ प्रश्न विचारतो. रात्री कुत्रा तंबूच्या आत झोपलेला चालेल का? तुमचे कुत्रे किती? स्पीकर किती वाजेपर्यंत? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे आम्ही जात नाही. आपल्याला गाण्याचा त्रास होतो तेव्हा कुत्र्याला तो कितीतरी जास्त होतो, आणि ठमी ढोलाच्या पहिल्या ठोक्याला गाडीखाली जाऊन बसते.

निघायची तयारी बॅग भरण्याच्या बरीच आधी सुरू होते. रेबीजची लस वर्षाची आहे का, डिस्टेंपर-पार्वोची आणि लेप्टोची झाली आहे का, हे आधी बघायचं. लेप्टोची भीती मुंबईकराला सांगायला नको. उंदराच्या मुतानं खराब झालेलं साचलेलं पाणी इथे दर पावसाळ्यात माणसांना आजारी पाडतं आणि कुत्र्यांनाही. गोचिडाचं औषध मानेवर टाकायचं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, दोन-तीन दिवस आधी. आणि टाकल्यावर लगेच आंघोळ घालायची नाही. पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढं असतं, तेव्हा त्या गवताच्या प्रत्येक पात्यावर गोचीड वाट बघत बसलेलं आहे असंच धरून चालायचं.

सामान तिचंच जास्त. छातीवरून जाणारा हार्नेस, कारण नुसत्या गळपट्ट्यातून घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून सहज सुटतो. आखूड पट्टा एक, आणि दहा मीटरचा दोर एक. पाण्याचा कॅन घरूनच. नेहमीचंच खाणं, कारण नव्या जागी नवं खाणं म्हणजे रात्री तीन वाजता तंबूची चेन उघडणं. जुनी गोधडी. टॉर्च. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला. शी उचलायच्या पिशव्या भरपूर. आणि एका कागदावर लोणावळा आणि वडगावच्या जनावरांच्या डॉक्टरांचे नंबर, रविवारी उघडं कोण असतं हे आधी फोन करून विचारलेलं.

पहाटेच निघतो. उन्हात उभ्या गाडीत कुत्रा काही मिनिटांत अडचणीत येतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. घाटाआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवायचं, नाहीतर खंडाळ्याच्या वळणांवर त्याचा हिशेब मिळतो. लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडली की खाली पाणी दिसतं, आणि ठमी मागच्या सीटवर उभी राहते. तिला पाणी दिसतं की त्याचा वास येतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोचल्यावरचा पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तो तंबू बघण्यात घालवतात. कॅम्पवरचे कुत्रे आधीच येऊन उभे असतात. गाडीचं दार उघडून आपलं कुत्रं त्यांच्या मधोमध उतरवलं तर भांडण ठरलेलंच. आम्ही गाडी गेटबाहेर, रस्त्यावर थांबवतो. कॅम्पवरचा पोरगा त्यांच्यातला एखादा म्होरक्या घेऊन बाहेर येतो, आणि आम्ही सगळे एकाच दिशेनं, समांतर, बिनबोलता चालायला लागतो. समोरासमोर तोंडाला तोंड आणायचं नाही. थोडं अंतर गेलं की शेपट्या सैल पडतात, दोघं एकाच झुडपाशी मुततात आणि मामला मिटतो. गावातल्या बायकांना हा सोहळा बघून हसू येतं. ‘कुत्र्याची सोयरीक जुळवताय व्हय?’ असं एका मावशीनं विचारलं होतं, आणि उपमा अगदी बरोबर होती. त्यांचे कुत्रे बिनदोराचे, पण मोकाट नव्हेत. कोणाच्या अंगणापर्यंत जायचं, कोणाच्या शेळ्यांकडे बघायचंही नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. खंडोबाच्या पायाशी ज्याला जागा आहे त्या प्राण्याला इथे काम असतं. आमच्या ठमीला काम नाही, म्हणून कोंबडी दिसली की तिला ते सुचतं. दोर त्यासाठी.

तंबूची जागा आम्ही तिच्या हिशेबानं ठरवतो. पाण्याच्या कडेला नाही, स्वयंपाकाच्या शेडजवळ नाही, गुरं पाण्यावर उतरतात त्या वाटेवर तर नाहीच. जवळ दोन झाडं असली तर त्यांच्यामध्ये माणसाच्या छातीच्या उंचीवर दोर ताणून त्यात कडी अडकवायची, कडीला तिचा पट्टा. त्यामुळे ती इकडून तिकडे चालू शकते आणि तंबूच्या मेखांत गुरफटत नाही. नुसती खुंटीला बांधली तर गोल फिरून फिरून ती दोर इतका आखडते की शेवटी तिला मान हलवता येत नाही.

पाणी दिसतं शांत, पण ते धरणाचं आहे. खाली बुडालेली शेतं, बांध आणि जुन्या विहिरी आहेत, त्यामुळे कडेची उथळ जमीन मध्येच तुटते. वरून मासेमारीची जाळी. दरवर्षी इथे माणसं बुडतात, तेव्हा काठीमागे पोहत जाणाऱ्या कुत्र्याबद्दल बेफिकीर राहायचं कारण नाही. ठमीला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घालतो, दहा मीटरचा दोर त्याला, आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि काठावर गुडघाभर चिखल उरतो. डबक्यांवर हिरवी साय दिसली तर तिथे पाणी पिऊ द्यायचं नाही.

आणि शी उचलायची. गावात कोण उचलतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पवनेचं पाणी पुढे नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळाला. याच पाण्याच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला झालेल्या गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. ज्यांच्या जमिनी या धरणाखाली गेल्या, त्यांच्याच उरलेल्या तुकड्यांवर आपले तंबू आहेत. तिथे आपल्या कुत्र्याची घाण ठेवून यायची, हे मला तरी जमत नाही.

संध्याकाळी बार्बेक्यू पेटला की खरा पहारा सुरू होतो. शेजारच्या तंबूतली माणसं प्रेमानं काय काय पुढे करतात! शिजलेल्या कोंबडीचं हाड तडकून टोकदार होतं आणि आतड्यात रुततं. मसाला लागलेली लाकडी काडी कुत्रं अख्खी गिळू शकतं. कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणजे कांदाभजी बाद. चॉकलेट आणि मनुका विषारी. आम्ही तिच्या हार्नेसला ‘काही देऊ नका’ अशी पट्टी शिवली आहे. लहान मुलं ती वाचतात, मोठी माणसं वाचत नाहीत.

अंधारात टॉर्चशिवाय फिरवायचं नाही, आणि गवतातून तर मुळीच नाही. सापाला माणूस टाळतो, कुत्रं नाक लावून बघतं, म्हणून दंश बहुधा तोंडावर होतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज करते, पण मण्यारीकडून तेवढ्या सौजन्याची अपेक्षा नको. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळून जे प्रतिविष बनतं, तेच जनावरांनाही देतात. जखम चिरायची नाही, आवळून बांधायची नाही, कुत्र्याला चालवायचं नाही. उचलून गाडीत घालायचं आणि निघायचं. डॉक्टरांच्या नंबरांचा कागद यासाठी.

‘रात्री तिला तंबूच्या दारात बांधा, राखण करेल,’ हा सल्ला कायम मिळतो, आणि सगळ्या सल्ल्यांत तो सगळ्यात वाईट. मावळात बिबट्या आहे. वनखातं त्याला पकडायला पिंजऱ्यात शेळी बांधतं. दोराला बांधलेलं, पळू न शकणारं कुत्रं तंबूबाहेर ठेवणं म्हणजे तेच काम फुकटात करणं. ठमी आत, आमच्या दोघांच्या पायांमध्ये, गोधडीवर, आणि चेनी दोन्ही बंद. हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा ती गोधडीवरून आमच्या पांघरुणात कधी आली ते कळतही नाही. तिच्या श्वासानं तंबूचं कापड आतून ओलं होतं, नखांनी तळाला भोकं पडतात. तळाखाली जाड ताडपत्री घातली की भागतं.

राखण ती आतूनच करते. झोपलेल्या कुत्र्याचे कान चालू असतात, आणि त्या कानांवरून बाहेरचं बरंच काही समजतं. एक कान वळला तर कॅम्पवरचा पोरगा. दोन्ही कान आणि हलकी गुरगुर, म्हणजे गुरं किंवा परकं कुत्रं. क्वचित ती काहीच आवाज करत नाही, अंग आखडून बाहेरच्या दिशेला बघत राहते आणि मग आमच्या मागे सरकते. अशा वेळी चेन उघडून ‘काय आहे बघू’ म्हणायचं नाही. सकाळी पाण्याच्या कडेला ठसे शोधायचे असतील तर शोधा.

निघण्याआधी तिला अंगभर चाचपायचं: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. गोचीड सापडलं तर चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायचं; रॉकेल, काडीपेटी असले उद्योग करायचे नाहीत. घरी आल्यावर पुन्हा एकदा बघायचं. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रं गळून गेलं, खाईना, ताप आला, हिरड्या पांढरट दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर वाट न बघता रक्त तपासून घ्या, आणि ते कुठे राहून आलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा.