वेळापत्रकावर चालणारी नदी

मुलांनो, एसटीला वेळापत्रक असतं, शाळेला असतं, परीक्षेला तर असतंच असतं. पण नदीला कधी वेळापत्रक असतं का हो?

नाही म्हणता? मग रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला चला. मुंबई-गोवा रस्त्यावरचं हे गाव. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी नद्यांमध्ये नुसते दगडगोटे उरतात. पण इथली कुंडलिका तेव्हाही सकाळच्या वेळी फेसाळत धावत असते! आणि वरून सोडलेलं पाणी एकदा वाहून गेलं, की उतरते. ही काय जादू? जादूबिदू काही नाही. भूगोलाचं पुस्तक काढा आणि नकाशा उघडा पाहू.

पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. मुळा जाऊन मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुळशीला पडलेल्या पावसाने पूर्वेला आंध्र प्रदेशाकडे जायला हवं. पण मुळशीच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे आणि कड्याखाली कोकण. टाटांच्या कंपनीने धरणाचं पाणी बोगद्यातून आणि भल्यामोठ्या नळांतून कड्याखाली भिरा गावाला उतरवलं. किती खाली? सुमारे ५०० मीटर! सात कुतुबमिनार एकावर एक रचले तर होईल तेवढं. त्या पाण्याच्या जोरावर तिथे १९२७ पासून वीज तयार होते आहे. चाकं फिरवून मोकळं झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात. ते कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. ज्या थेंबाने हंसलदीवीला जायचं, तो कोर्लईच्या किल्ल्यापाशी पोहोचतो!

या धरणाखाली मावळातल्या अनेक गावांच्या जमिनी आणि घरं गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी होते. याच लढ्यामुळे लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. धरण काही थांबलं नाही. कोलाडला मौजेला येणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवं, असं मला वाटतं.

आता मौजेकडे वळू या. कुंडलिकेच्या या धावत्या पाण्यात हवेने फुगवलेल्या रबरी बोटीतून जायचं, त्याला रिव्हर राफ्टिंग म्हणतात. आमच्या डी.एड.च्या तुकडीतले आम्ही सहा जण मित्र-मैत्रिणी मिळून गेलो होतो. सगळे शिक्षक! त्यामुळे सूचना देणारा एक आणि ऐकणारे आम्ही, हा प्रकार आम्हांला जरा नवाच होता. आमचा गाईड नेपाळचा होता. लहानपणापासून नदीत वाढलेला, अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की आमच्या शाळेच्या मैदानावर माईक लागणार नाही.

पाण्यात उतरायच्या आधी त्याने आमचा चांगला पाऊण तास वर्ग घेतला. हा भाग तुम्ही नीट वाचा. राफ्टिंगला कधी गेला नाहीत, तरी तो उपयोगी पडणार आहे.

आधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि हेल्मेट. जॅकेटचे पट्टे लावून झाल्यावर गाईडने खांद्याला धरून प्रत्येकाचं जॅकेट वर ओढून पाहिलं. ते कानापर्यंत आलं तर सैल, पुन्हा बांधा. आमच्यातले एक पीटीचे सर आहेत. विहिरीच्या काठावरून सूर मारण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा नाही. ते म्हणाले, “मला पोहता येतं हो, मला कशाला?” गाईड हसला. म्हणाला, “सर, सफेद पानी में आधी हवा होती है.”

केवढी मोठी गोष्ट सांगितली त्याने! पाणी पांढरं का दिसतं? खडकांवर आपटून त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात म्हणून. विहिरीचं पाणी आपल्याला जेवढं उचलून धरतं, तेवढं हे बुडबुड्यांचं पाणी धरत नाही. आणि हात मारला तर फेसच मागे जातो, आपण पुढे सरकत नाही. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा इथे जॅकेट लागतंच. सरांनी मुकाट्याने पट्टे आवळले.

मग वल्ही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. ती मूठ एका हाताने कायम झाकून धरायची. का? मोकळी राहिली आणि बोट उसळली, तर शेजाऱ्याचे दात गेलेच म्हणून समजा. बसायचं बोटीच्या फुगीर कडेवर आणि पाय आतल्या आडव्या फुग्याखाली रुतवायचे. गाईड मागे बसून ओरडणार. ‘फॉरवर्ड’ म्हणाला की पुढे वल्हवायचं, ‘बॅक’ म्हणाला की उलटं, ‘स्टॉप’ म्हणाला की वल्हं बाहेर. ‘गेट डाउन’ म्हणाला की सगळ्यांनी आत खाली बसून दोरी पकडायची. सोपं आहे, नाही का? पण सहा शिक्षकांना एका लयीत वल्हवायला लावणं म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्या गाईडला विचारा! पहिली पाच मिनिटं आमची बोट नुसती गोल गोल फिरत होती.

पुढे सूर लागला आणि आम्ही नदी वाचायला शिकलो. हो, वाचायला! दोन खडकांमधून पाणी जातं, तेव्हा मधे गुळगुळीत पाण्याची एक जीभ तयार होते. तिचं टोक खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला असेल, तर समजायचं की इथे वाट आहे. पण उलटं, टोक वर आपल्याकडे असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक लपलाय. नौकेच्या नाळेपुढे पाणी फाटतं ना, तसं खडकापाशी फाटतं. आणि मोठ्या खडकाच्या मागच्या बाजूला? तिथलं पाणी चक्क उलटं, वरच्या दिशेला वाहतं! गाईडने तिथे बोट नेली आणि धावत्या नदीच्या मधोमध आम्ही रिक्षाथांब्यावर उभं राहावं तसे आरामात थांबलो.

अशा खळाळत्या उतारांना रॅपिड म्हणतात. एक ते सहा अशा त्यांच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. एक म्हणजे नुसत्या लहरी, आणि सहा म्हणजे भल्याभल्यांनीही जाऊ नये अशी जागा. कुंडलिकेतले रॅपिड साधारण दोन ते तीनचे. ऐकायला किरकोळ वाटतात. पण पहिल्याच उतारावर बोटीचं नाक खाली गेलं, समोर पाण्याची भिंत उभी राहिली आणि ती आमच्या अंगावर फुटली, तेव्हा आम्ही पहिलीतल्या पोरांसारखे किंचाळलो. जानेवारीचं पाणी, गार म्हणजे गारच!

आमच्यातली एक मैत्रीण पाण्याला फार घाबरते. पोहणं तर अजिबात येत नाही. वर्ग चालू असताना तीच एकटी पुन्हा पुन्हा शंका विचारत होती आणि बाकीचे हसत होते. नेमकी एका रॅपिडमध्ये बोट खडकाला घासली, एका बाजूने उचलली गेली आणि ती गडप! क्षणभराने पाच-सहा मीटरवर तिचं लाल हेल्मेट वर आलं. पीटीचे सर उडी मारायला उठलेसुद्धा. गाईड एवढ्या जोरात ओरडला, “बैठो!” की ते जागच्या जागी बसले. एकाच्या जागी दोघांना काढावं लागलं तर?

आणि ती काय करत होती? जसं शिकवलं होतं, अगदी तसं. उताणी झाली. पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आणि पायांची बोटं पाण्याच्या वर. म्हणजे खडक आला तर आधी पाय लागतील, डोकं नाही. पाणी जरा शांत झालं तशी गाईडने दोर भरलेली पिशवी तिच्याकडे फेकली. दोर हाताला गुंडाळला नाही, खांद्यावरून घेऊन छातीशी धरला. पुढे छोट्या होडीतला मदतनीस तयारच होता, पण त्याची गरज पडली नाही. ओढून बोटीत घेतलं तेव्हा ती खोकत होती आणि पहिला प्रश्न होता, “माझा चष्मा?” चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता.

उभं राहायचा प्रयत्न मात्र तिने एकदाही केला नाही. पाणी कमरेएवढंच असेल तिथे. आपल्याला वाटतं, एवढंसं तर आहे, उभे राहू की! पण वाहत्या पाण्यात तीच सगळ्यांत मोठी चूक ठरते. तळाच्या दोन दगडांमध्ये पाऊल अडकतं आणि वरून पाणी माणसाला आडवं पाडतं. त्याच्या ताकदीचा हिशेब करा. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर, काठाला लागल्यावरच उठायचं.

आता पालकांशी दोन शब्द. कोलाडला बहुतेक ठिकाणी चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. हट्ट कितीही झाला तरी वय वाढवून सांगू नका. पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्येक बोटीत शिकलेला गाईड आहे का, सोबत मदतीची होडी असते का, प्रथमोपचाराची पेटी आहे का, मापाची जॅकेटं आहेत का. उत्तर द्यायला कंटाळणारा माणूस पाण्यात तरी कशाला लक्ष देईल?

आणि मुलांनो, धरणाच्या खालच्या अंगाला कोणतीही नदी असो, तिच्या कोरड्या पात्राचा भरवसा धरू नका. ८ जून २०१४ ला हैदराबादहून सहलीला गेलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरून फोटो काढत होते. वर लारजीच्या धरणातून पाणी सोडलं गेलं. पाहता पाहता पाणी चढलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. कुंडलिकेवर पाणी कधी येणार हे गाईडना ठाऊक असतं. नुसतं पाय भिजवायला उतरणाऱ्याला ते कोण सांगणार? दगडांवरचा ओला पट्टा वर सरकू लागला, पाण्यात काडीकचरा वाढला, पाणी गढूळ झालं, की चपला शोधत न बसता वर निघायचं.

गावाकडच्या बंधाऱ्याचंही तसंच. बंधाऱ्यावरून पाणी पडतं, तिथे खाली ते फिरून पुन्हा भिंतीकडेच येतं. त्यात सापडलेला लाकडाचा ओंडकासुद्धा तासन् तास तिथेच गटांगळ्या खात राहतो. दिसायला किती शांत, एकसारखं पडणारं पाणी! आमच्या गाईडला मी विचारलं, तुला कुठल्या रॅपिडची भीती वाटते? तो म्हणाला, रॅपिडची नाही, बंधाऱ्याची. तिथे तो बोट घालतच नाही, काठावरून उचलून नेतो.

राफ्टिंगला जायला तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून काही वर्षं थांबावं लागेल. पण नदी वाचायला आजपासून सुरुवात करता येईल. नदीवर पूल असेल तर आई-बाबांना किंवा गुरुजींना बरोबर घ्या. कठड्याच्या आत उभे राहा आणि पाण्यात एक वाळकं पान सोडा. जिभेची टोकं कुठे खाली आहेत, कुठे वर, आणि कोणत्या खडकामागे तुमचं पान उलटं फिरून विसावतं, ते पाहा. वहीत त्याचा नकाशा काढा. मग पाणी वाढल्यावर, पुन्हा मोठ्यांबरोबर, त्याच पुलावरून दुसरं पान सोडून पाहा. नकाशा केवढा बदललेला असेल!