गाडी पुसताना ओरखडे पडतात ते कशाने?

खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून आदल्या दिवशी बेळगावात गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात. पण रंगावर बारीक गोल ओरखडे उमटतात ते बहुतेक पुसताना. दोष फडक्यापेक्षा त्यात अडकलेल्या धुळीचा. चोर्ला घाट उतरून-चढून आलेल्या गाडीवरच्या लाल मातीत वाळूचे कण असतात, आणि ते रंगापेक्षा कठीण. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याच्या केसाहून पातळ. अशा गाडीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारल्यासारखंच.

म्हणून आधी भरपूर पाणी मारून माती वाहू द्यावी. मग गाडीचाच शाम्पू, टपापासून खाली, चाकं शेवटी. पुसायला जुना बनियन नको. मायक्रोफायबरचं जाड फडकं ओल्या पत्र्यावर पसरून पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. फडकं जमिनीवर पडलं? मग धुतल्याशिवाय परत लावू नये. काम सावलीतच करावं; उन्हात वाळलेलं बोअरचं पाणी पांढरे डाग सोडतं.

पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. वॅक्स नुसतं वर बसतं, पावसापाण्यात काही आठवडे टिकतं. पॉलिशने मात्र तो पातळ थरच थोडा घासला जातो, म्हणून तर ओरखडे दिसेनासे होतात. दर सणाला करायचं हे काम नाही. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर पॉलिशवर पैसे घालवू नयेत, पेंटरच गाठावा लागतो.