आबांचे नवे भिंग

आबांना धुरकट दिसू लागले. बांधावर उभा असलेला माणूस ओळखू येईना. रात्री समोरून मोटार आली की डोळ्यांपुढे नुसता उजेड पसरे. चष्मा बदलून पाहिला. फरक पडेना. शेवटी धाकट्या मुलाला घेऊन ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. म्हणाल्या, "आबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यात जास्त आहे. तो आधी काढू आणि आत नवे भिंग बसवू. पण भिंग कसले बसवायचे, ते आपण मिळून ठरवू."

आबा म्हणाले, "बाई, मला त्यातले काय कळते? चांगले असेल ते बसवा."

मुलगा म्हणाला, "पैशाचे म्हणाल तर म्हैस विकतो. मोठ्या दवाखान्यात नेतो. पण सर्वांत महाग असेल तेच भिंग बसवू."

मंडळी, म्हैस विकायची का? आधी भिंगाची गोष्ट नीट समजून घेऊ. मग ठरवू.

डोळ्याच्या मधोमध काळी बाहुली दिसते ना? तिच्या मागे एक भिंग असते. त्याचा आकार अख्ख्या मसुरासारखा, पण मसुराहून मोठा. बाहेरचा उजेड त्यातून आत जातो, म्हणून आपल्याला दिसते. तरुणपणी हे भिंग काचेसारखे स्वच्छ असते. वय झाले की ते गढूळ होते. हाच मोतीबिंदू. तो थेंबांनी विरघळत नाही, काढावाच लागतो. "पिकू द्या, मग काढू" असे जुने लोक म्हणत. आता तशी वाट पाहण्याची गरज नाही. कामात अडचण येऊ लागली की काढावा. फार दिवस ठेवला तर शस्त्रक्रिया अवघड होते. कधी कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते.

पूर्वी गढूळ भिंग काढीत, पण त्या जागी काही बसवीत नसत. मग बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा चाचपडू लागे. हे दुःख हॅरॉल्ड रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी दूर केले. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे बारीक तुकडे घुसले होते. त्या खिडक्या प्लॅस्टिकच्या होत्या. ते तुकडे आत राहूनही डोळा चिडत नव्हता. हे रिडले यांनी पाहिले. तसल्याच प्लॅस्टिकचे भिंग करून त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. पुढे पुष्कळ वर्षे अशी भिंगे आपल्याकडे परदेशातून येत आणि महाग पडत. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब ही संस्था निघाली. तिने भिंगे इथेच बनवली. किंमत पुष्कळ उतरली.

आता भिंग निवडायचे कसे?

पहिली गोष्ट मापाची. एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात बसत नाही, तसेच भिंगाचे आहे. यंत्राने डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजतात. त्यावरून भिंगाचा नंबर निघतो. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर जवळजवळ अडीच-तीनने चुकतो. म्हणून माप घेताना डोळा हलवू नये, घाई करू नये. भिंग कितीही भारी असले आणि माप चुकले, तर उपयोग काय?

दुसरी गोष्ट कामाची. साध्या भिंगातून एकाच अंतरावरचे स्वच्छ दिसते. लांबचे स्वच्छ हवे असेल, तर वाचायला चष्मा लागतो. जवळचे हवे असेल, तर लांबचे पाहायला चष्मा लागतो. बहुतेक लोक लांबचे निवडतात. पण दिवसभर सुईदोरा हाती असलेल्या बाईला कदाचित जवळचे बरे पडेल. तुमचे काम तुम्हाला माहीत, डॉक्टरांना नाही. ते तुम्हीच सांगायला हवे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या आधी.

तिसरी गोष्ट जातीची. टणक भिंगाला डोळ्यावर थोडी मोठी चीर लागते. घडीचे भिंग बारीक चिरेतून आत जाते आणि आत उलगडते. त्याने डोळा लवकर सावरतो. पण शस्त्रक्रिया नीट झाली तर टणक भिंगानेही चांगले दिसते. काहींच्या बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसतो. त्यांच्यासाठी वेगळे भिंग मिळते. आणखी एक महाग जात आहे. तिच्यातून लांबचे आणि जवळचे दोन्ही दिसते, चष्म्याची गरज कमी होते. पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. अंधुक उजेडात नजर थोडी कमी पडते. डोळ्याचा आतला पडदा मधुमेहाने बिघडला असेल, तर हे भिंग सहसा बसवत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळे सांगितले. मग विचारले, "आबा, दिवसभर काय करता?"

"शेतावर जातो. गुरे पाहतो. रात्री पाण्याच्या पाळीला जातो. आणि आता अक्षरे शिकलोय, तर रोज पानभर वाचतो."

"साखरेचा आजार?"

"आहे, दहा वर्षे झाली."

"आतल्या पडद्यावर त्याच्या खुणा दिसतात. म्हणून महागडे भिंग तुम्हाला नकोच. लांबचे साधे भिंग बसवू. वाचताना चष्मा लावा. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया आणि हे भिंग दोन्ही फुकट आहे. म्हैस राहू द्या गोठ्यात!"

मुलगा हसला. आबाही हसले. मग बाईंनी कागद पुढे केला. आबा अंगठा पुढे करणार, तोच थांबले. चष्मा नाकावर चढवून त्यांनी कागद हळूहळू वाचला. 'उजवा डोळा' लिहिले आहे ना, ते पाहिले. मग सही केली.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना एक कार्ड मिळाले. त्यावर भिंगाचा नंबर होता. ते त्यांनी शिधापत्रिकेजवळ जपून ठेवले. हे भिंग जन्मभर टिकते, बदलावे लागत नाही. पण डोळा दुखला, लाल झाला किंवा एकाएकी कमी दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता आबा बांधावरच्या माणसाला लांबूनच हाक मारतात. आणि संध्याकाळी चष्मा लावून पानभर वाचतात. तेव्हा मंडळी, भिंगाची किंमत विचाराच, पण आधी आपले काम सांगा.