जुडी श्वास घेते आहे

जुलैमध्ये मुंबईतल्या नाहूर स्टेशनबाहेर कसारा-कर्जतकडच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून टाकळ्याची जुडी घेतलीत, तर हातात काय आलं आहे याचा क्षणभर विचार करा. ते पान अजून जिवंत आहे. खुडलं तरी त्याचा श्वास चालूच आहे. साठवलेली साखर ते जाळतं, पाणी गमावतं, आणि मुळं नसल्यामुळे गेलेलं परत मिळवू शकत नाही. हवेचं तापमान 10 अंशांनी वाढलं की हा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून सकाळची टवटवीत मेथी संध्याकाळी मान टाकते.

कांद्याचं अगदी उलट. काढणीनंतर तो झोपी जातो, महिनोन्‌महिने चाळीत पडून राहतो, कारण त्याचा श्वास फारच मंद असतो. लासलगावचा कांदा नाहूरला येतो, म्हणजे सुमारे 200 किलोमीटर. तेवढं डिझेल जाळून आलेला कांदा पर्यावरणाला जड पडत असेल, असंच आपल्याला वाटतं. हिशेब करून पाहू. ट्रकमध्ये 15 टन माल आहे आणि तो लिटरला 4 किलोमीटर जातो, असं धरलं तर 50 लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोभर कांद्याच्या वाट्याला येतात जेमतेम 9 ग्रॅम! ट्रक रिकामा परतला, तरी 20 ग्रॅमच्या आतच.

आता तोच किलोभर कांदा आणायला नाहूरहून मुलुंडच्या मॉलला गाडीने जा. जाऊन-येऊन 3 किलोमीटर, पेट्रोल 200 मिलिलिटर, कार्बन डायऑक्साइड साडेचारशे ग्रॅमच्या वर. लासलगाव ते मुंबई या सगळ्या वाटेपेक्षा वीसपटीहून जास्त! मी हे गणित तीनदा करून पाहिलं.

तेव्हा जवळचं घ्यायचं ते मुख्यतः पान. दूरच्या पालेभाजीला वाटेत बर्फ, शीतगृह, प्लॅस्टिक लागतं, नाहीतर ती सडते. आणि सडलेल्या जुडीबरोबर तिला घातलेलं पाणी, खत, मेहनत सगळंच उकिरड्यावर जातं. टाकळ्याला तर नांगर, खत, पंप काहीच लागलेलं नसतं. पहिल्या पावसानंतर तो माळावर, रस्त्याकडेला आपणहून उगवतो. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो, हेही एकदा बघण्यासारखं आहे. पुढे तो लोकलनेच येतो, त्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीतून.

जवळचं म्हणजे आपोआप स्वच्छ, असं मात्र मुळीच नाही. मुंबईत रेल्वेच्या ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेतून रुळांलगतच्या जमिनीवर पालक, माठ, भेंडी पिकवली गेली, आणि त्यांना नाल्याचं पाणी दिलं जात असल्याच्या तक्रारीही वर्षानुवर्षं झाल्या. रुळाशेजारचा पालक घरापासून दहा मिनिटांवर पिकला, एवढ्यावर मी तो घेणार नाही.

तुम्ही कांदा कुठलाही घ्या, पण चालत जाऊन, कापडी पिशवीत आणा. पालेभाजी घेताना मात्र मावशींना दोन गोष्टी जरूर विचारा : कधी खुडलीत, आणि पाणी कुठलं?