झोतभट्टीची धातुमळी आणि काँक्रीट

लोहखनिजापासून लोखंड मिळविताना झोतभट्टीत खनिज, कोक व चुनखडी एकत्र तापविली जातात. खनिजातील व कोकच्या राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याशी चुन्याचा संयोग होऊन जो वितळलेला थर लोखंडाच्या रसावर तरंगतो, त्यास धातुमळी किंवा स्लॅग म्हणतात. लोखंडाच्या दर टनामागे साधारणतः 300 ते 400 किलोग्रॅम धातुमळी निघते. चुना, सिलिका व ॲल्युमिना हे तिचे प्रमुख घटक होत आणि पोर्टलंड सिमेंटचेही प्रमुख घटक हेच आहेत. भेद आहे तो प्रमाणाचा. तेव्हा काँक्रीटमध्ये तिचा उपयोग करण्यामागे केवळ टाकाऊ ढिगांची विल्हेवाट लावण्याचा हेतू आहे, असे समजणे योग्य नव्हे. मात्र बंधक म्हणून तिचा गुण आपोआप प्रकट होत नाही. तो भट्टीच्या मुखाशी निर्माण होतो, आणि बांधकामाच्या जागी एकतर फळाला येतो अथवा वाया जातो.

भट्टीतून बाहेर पडणाऱ्या धातुमळीचे तापमान सुमारे 1,500 अंश सेल्सियस असते. ती उघड्यावर सावकाश निवू दिली तर तिच्यात स्फटिक बनतात व रासायनिक दृष्ट्या ती जवळजवळ निष्क्रिय होते. असे खडक फोडून त्यांची खडी करता येते, पण सिमेंटचे काम ते करू शकत नाहीत. उलट, वितळलेल्या प्रवाहावर पाण्याचा जोरदार फवारा सोडला तर अणूंना स्फटिकरचनेत बसण्यास अवधी मिळत नाही आणि रेतीसारखे काचरूप कण तयार होतात. अशा कणांचा बंधक गुण जर्मनीतील एमिल लांगेन यांनी 1862 मध्ये दाखवून दिला. भारतीय मानक 12089 (1987) मध्ये सिमेंटसाठी वापरावयाच्या दाणेदार धातुमळीत काचेचे प्रमाण किमान 85 टक्के असावे, अशी अट घातली आहे, ती ह्याच कारणास्तव.

हे कण वाळवून सिमेंटइतके बारीक दळले, तरी नुसत्या पाण्याशी त्यांची क्रिया फार मंद असते. कारण कणाच्या पृष्ठावर अल्पावधीतच एक अपार्य पटल जमते. हे पटल भेदण्यास अल्कधर्मी माध्यम लागते, आणि ते पोर्टलंड सिमेंट पुरविते. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा बंधक पदार्थ आणि त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. ह्या चुन्याचा काँक्रीटच्या बळकटीला फारसा लाभ नसतो. धातुमळी त्याच्या योगाने जागृत होते, त्यातील काही भाग वापरते व आणखी हायड्रेट निर्माण करते. त्यामुळे सूक्ष्म रंध्रे भरत जातात आणि काँक्रीट पाण्यास अधिक अभेद्य बनते.

ह्या अभेद्यतेचे मोल समुद्रकाठी विशेष आहे. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो, गंजाचे आकारमान वाढून काँक्रीटला तडे जातात आणि बांधकाम आतून फुटू लागते. धातुमळीयुक्त काँक्रीटमध्ये क्लोराइडचा प्रवेश मंदावतो, शिवाय ॲल्युमिनामुळे त्याचा काही अंश रासायनिक रीतीने बद्धही होतो. कोकणकिनाऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. रायगड जिल्ह्यात डोलवी येथे पोलादाचा कारखाना व धातुमळीवर चालणारा सिमेंट उद्योग शेजारी शेजारी आहेत. धातुमळीचे प्रमाण पुरेसे असल्यास जलसंयोगाची उष्णता कमी निर्माण होते. म्हणून धरणे व जाड पाये यांसही ती उपकारक ठरते.

परंतु ह्या लाभांची किंमत काळाच्या रूपाने मोजावी लागते. पहिल्या आठवड्यात अशा काँक्रीटची ताकद साध्या काँक्रीटपेक्षा मागे असते. पुढे ती बरोबरीस येते व पुष्कळदा वरचढही ठरते. ह्या अवधीत ओलावा टिकला नाही तर क्रिया अर्धवट राहते. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान 7 दिवस पाणी मारावे असे सांगितले असून मिश्र सिमेंटसाठी हा काळ 14 दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस केली आहे. घाईने सेंटरिंग काढणारा व चौथ्या दिवशी पाणी थांबविणारा कंत्राटदार ह्या काँक्रीटचा गुणच हिरावून घेतो. इतकेच नव्हे, चुन्याचा साठा कमी असल्याने अशा सच्छिद्र काँक्रीटमध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड अधिक वेगाने शिरतो व सळईचे संरक्षण घटते.

पोलाद बनविताना निघणारी धातुमळी मात्र निराळी समजावयास हवी. तिच्यात मुक्त चुना व मुक्त मॅग्नेशिया असतो. ओलाव्याने हे कालांतराने फुगतात आणि काँक्रीट फोडतात. भारतीय मानक 383 च्या 2016 सालच्या आवृत्तीत लोखंडाच्या धातुमळीची खडी सळईयुक्त काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालते, पोलादाची मुळीच चालत नाही. त्यामागे हाच धोका आहे.

आता पर्यावरणाचा हिशेब. चुनखडीच्या 100 भागांतून 56 भाग चुना व 44 भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. क्लिंकरमध्ये सुमारे 65 टक्के चुना असतो. म्हणजे इंधन बाजूला ठेवले, तरी दर टन क्लिंकरमागे सुमारे 510 किलोग्रॅम वायू केवळ चुनखडीतून बाहेर पडतो. भारतीय मानक 455 अन्वये धातुमळी सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के धातुमळी चालत असल्याने ही बचत मोठी दिसते. तथापि धातुमळीतील चुन्यानेही झोतभट्टीत आपला वायू सोडलेलाच असतो; तो लोखंडाच्या खात्यावर मांडला जातो, एवढेच. शिवाय जगात दरवर्षी सुमारे 4 अब्ज टन सिमेंट तयार होते, त्या मानाने झोतभट्टीची धातुमळी सुमारे एक-दशांशच आहे व तिचा मोठा भाग आधीच वापरात आहे. एका बांधकामाने ती अधिक घेतली, तर दुसऱ्यास ती कमी पडण्याचा संभव असतो. लोखंडनिर्मिती झोतभट्टी सोडून हायड्रोजन व विद्युत् भट्टीकडे वळेल, तसा हा पुरवठाही आटेल.

तात्पर्य, धातुमळी हा क्लिंकरला सर्वत्र पुरून उरणारा पर्याय नव्हे. तिचे प्रमाण मर्यादित आहे. म्हणूनच जेथे अभेद्यता व अल्प उष्णता यांची खरी गरज आहे आणि पुरेसा काळ पाणी मारण्याची शिस्त पाळली जाईल, तेथे तिचा विनियोग प्रथम व्हावा. पन्नास वर्षे टिकावयाचे बांधकाम वीस वर्षांत पाडून पुन्हा उभारावे लागले, तर वाचविलेल्या क्लिंकरचा हिशेब व्यर्थ ठरतो.