ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विद्युत् तारा : बिघाड व दुरुस्ती

आंबेगाव तालुक्यातील पारगाव हे घोड नदीच्या खोऱ्यातील बागायती गाव. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच परिसरात दत्तात्रयनगर येथे असल्यामुळे गळिताचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात. भरलेल्या ट्रॉलीचा वेग कमी असतो आणि ऊस तिच्या बाहेर बराच डोकावत असतो. अशा ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दिवा बंद असण्याचे कारण मात्र पुष्कळदा अगदी क्षुल्लक, म्हणजे कुरतडलेली किंवा गंजलेली एखादी तार, एवढेच असते.

तारा खराब होण्याची कारणे शेतावरचीच आहेत. कांद्याच्या चाळीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीला लागून ट्रॅक्टर उभा केला की उंदीर त्यात शिरतात व तारांवरील आवरण कुरतडतात. खताच्या पोत्यांची वाहतूक झाल्यावर ट्रॉली धुतली नाही, तर क्षारांमुळे तांबे हिरवे पडते. हादऱ्यांमुळे पत्र्याच्या कडेवर तार घासत राहते आणि एक दिवस उघडी पडते.

उघडी तार ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला टेकली की दिव्यात न जाता प्रवाह थेट सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. त्याला अडथळा न राहिल्याने तो अतोनात वाढतो आणि फ्यूज वितळतो. येथे बहुतेक चालक एक घातक चूक करतात. फ्यूजच्या जागी ते जाड तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी बसवितात. दिवे लागतात, म्हणून दुरुस्ती झाली असे वाटते. वास्तविक दोष तसाच असतो. फरक इतकाच की आता फ्यूजऐवजी तार तापते. जवळ वाळलेले पाचट असल्यावर काय घडेल, ते सांगण्याची गरज नाही.

फ्यूज किती क्षमतेचा हवा, याचा हिशेब सोपा आहे. दिव्यांच्या वॅटला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागले म्हणजे अँपिअर मिळतात. पुढचे ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज घालावा. तो पुन्हा पुन्हा जात असेल, तर मोठा फ्यूज न घालता दोष शोधावा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो. ती कोठे घासत आहे काय, हे सर्वांआधी पाहावे.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण, म्हणजे सांगाड्याला जोडलेली तार प्रथम सोडवावी व काम संपल्यावर ती शेवटी जोडावी. धन तार आधी सोडवू गेल्यास पाना सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असल्यामुळे ही ठिणगी धोक्याची आहे. पुढील तपासणीस मात्र प्रवाह लागतो. तेवढ्यापुरती बॅटरी जोडून ठेवावी.

दोष शोधण्यास महागडे उपकरण लागत नाही. ब्रेकच्या दिव्याचा २१ वॅटचा एक बल्ब व त्याला जोडलेले दोन वायरचे तुकडे पुरतात. गेलेला फ्यूज काढावा, त्या मार्गावरील सर्व दिव्यांचे बल्ब काढावेत, बटण चालू करावे आणि फ्यूजच्या दोन टोकांना हा तपासणीचा बल्ब जोडावा. तो झगझगीत पेटला तर तार सांगाड्याला टेकली आहे, असे समजावे. मग ट्रॉलीचा प्लग काढून पाहावा. बल्ब विझला तर दोष ट्रॉलीत, पेटता राहिला तर ट्रॅक्टरात. याप्रमाणे तारा एकेक हलवून पाहत गेल्यास बल्ब जेथे लुकलुकतो, तेथेच बहुधा दोष सापडतो.

ट्रॉलीचा खरा रोग निराळाच असतो. ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होतात, किंवा वळणाचा दिवा लावला की दुसरेच दिवे उघडझाप करतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बल्ब बदलून उपयोग होत नाही, कारण परतीचा मार्ग, ज्याला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, तो तुटलेला असतो. पुष्कळ ट्रॉल्यांत हा मार्ग केवळ जोडखिळ्यावर सोपविलेला असतो. तेथे ग्रीस, गंज व चिखल असल्याने प्रवाहाला वाट मिळत नाही आणि तो दुसऱ्या बल्बमधून परत जाऊ पाहतो. ट्रॅक्टरच्या सांगाड्यापासून एक तार थेट दिव्याच्या धातूच्या घराला लावून पाहावी. दिवा तेजस्वी झाला तर निदान पक्के. अशा वेळी सॉकेटमधून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत स्वतंत्र अर्थ-तार ओढावी व ती जेथे बसवायची, तेथील रंग आणि गंज खरवडून लखलखीत लोखंडावर आवळावी.

तार सांधताना हिरवे-काळे तांबे पूर्णपणे कापून टाकावे. नवा तुकडा तितक्याच जाडीचा आणि अनेक बारीक धाग्यांचा असावा. घराच्या वायरिंगमधील एकसंध तांब्याची तार हादऱ्यांनी मोडते. सांध्यावर चढवायची नळी आधीच तारेत ओवून ठेवावी, हे अनेकजण विसरतात! मग धातूची टोपी दाबून सांधा घट्ट करावा. डाख दिल्यास तार तेथे ताठ होते व डाखाच्या कडेलाच तुटते. म्हणून अशा सांध्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. नुसती चिकटपट्टी उन्हाने सुटते. शेजारच्या दोन तारांचे सांधे एकासमोर एक येऊ देऊ नयेत. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे, ती सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि वळताना ताण पडू नये इतकी ढील ट्रॉलीच्या जोडापाशी ठेवावी. पण ती जमिनीला घासू नये.

सर्वच दुरुस्ती घरी करू नये. सन २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराबाबतची कडक मानके लागू झाली असून अशा ट्रॅक्टरांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पेटीकडून होते. तिच्या तारांना तपासणीचा बल्ब कधीही लावू नये. ते काम जाणकार कारागिराचेच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात एका सायंकाळी चालकांना एकत्र बोलावून वरील बल्बची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. तासाभराचे काम आहे. उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. रात्री बांधावर ट्रॅक्टर बंद पाडून तारा चाचपडत बसणे चालकाला परवडणारे नाही. पेटीत योग्य क्षमतेचे चार फ्यूज, दोन बल्ब, वायरचा तुकडा, पक्कड व बॅटरी-दिवा असू द्यावा. फडातून निघण्यापूर्वी दिव्यांवर आलेले वाढे छाटावे, काचेवरील चिखल पुसावा, परावर्तक पट्ट्या उघड्या कराव्यात आणि एकाने मागे उभे राहून मागचा दिवा, ब्रेकचा दिवा व दोन्ही वळणांचे दिवे पाहून घ्यावेत.